बेथपेज ब्लॅक : एकोणीस हँडिकॅपवाल्याने जावं का?

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बेथपेज ब्लॅक या गोल्फ कोर्सबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ६१, हँडिकॅप १९ (कोर्सच्या ठरलेल्या शॉटांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा), खारघरच्या कोर्सवर आठवड्यातून दोनदा खेळणं. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, जूनमध्ये सहा आठवडे त्याच्याकडे मुक्काम. "बेथपेज ब्लॅकवर एकदा खेळायचंच आहे, पण पहिल्या टीजवळच्या त्या पाटीचा फोटो बघूनच पोटात गोळा येतो. माझ्यासारख्याने जावं का? झाडांत बॉल गेला तर काय करायचं? आणि टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळवायचा कसा?"

जावं. मात्र पांढऱ्या टीवरून खेळायचं (पहिला शॉट मारायच्या जागा, म्हणजे टी, रंगांनी ओळखतात), आणि ७१ हा पार (कुशल खेळाडूकडून अपेक्षित शॉट) घरी ठेवून यायचं. या दोन अटी मान्य असतील तर पुढचं वाचा.

मी हिक्सव्हिलला राहते, तिथून बेथपेज गाडीने पंधरा मिनिटांवर. तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लब हातात धरला तो याच पार्कातल्या यलो कोर्सवर. ब्लॅकवर पाय ठेवायला त्यानंतर सहा वर्षं गेली. आजवर तिथे पन्नासेक राउंड झाले असतील. सर्वांत चांगला ९४, सर्वांत वाईट १२७. तो १२७ पहिलाच होता. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी ती पाटी. तिच्यावर लिहिलंय की ब्लॅक हा अत्यंत अवघड कोर्स आहे आणि तो फक्त अतिशय कुशल गोल्फरांनीच खेळावा अशी आमची शिफारस आहे. शिफारस, बंदी नव्हे. हँडिकॅपचं कार्ड कोणी मागत नाही, पहिला शॉट कोणी तपासत नाही. चारजणांतला एकजण तरी त्या पाटीपुढे उभा राहून फोटो काढतोच, आणि त्यातले बरेच जण पुढच्या दहा मिनिटांत पहिल्या होलच्या उजव्या कोपऱ्यातल्या झाडांत बॉल शोधत असतात. तुम्हीही फोटो काढा.

हा कोर्स सरकारी आहे, न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या पार्कातला. हे महत्त्वाचं, कारण अमेरिकेतले नावाजलेले बहुतेक कोर्स खासगी क्लबांचे आहेत. ब्लॅकच्या आखणीवर ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट या वास्तुकाराचं नाव आहे. एडिसनपासून फार लांब नसलेलं बाल्टसरॉल हेही त्याचंच काम, पण सभासदाच्या ओळखीशिवाय तिथे खेळता येत नाही. बेथपेजला पैसे भरले की कोणीही खेळू शकतो. १९३०च्या दशकात महामंदीच्या काळात इथल्या पार्कांचा तेव्हाचा प्रमुख रॉबर्ट मोझेस याने बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून हे पार्क उभं केलं. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून रस्ते नि पाझर तलाव झाले, तसे इथे मंदीत गोल्फ कोर्स झाले. ब्लॅक १९३६ साली खुला झाला. (आखणीचं श्रेय टिलिंगहास्टचं किती आणि पार्कचे तेव्हाचे अधीक्षक जोसेफ बरबेक यांचं किती, हा वाद इथले जुने खेळाडू अजून चवीने घालतात. त्यात पडू नका, राउंड सहा तासांचा होतो.)

पार्कात पाच कोर्स आहेत : ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. बाकीच्या चारांबद्दल शेवटी दोन ओळी लिहिते.

आता अवघड म्हणजे किती? २००२ साली इथे यूएस ओपन ही मोठी स्पर्धा झाली. सरकारी मालकीच्या आणि सरकारनेच चालवलेल्या कोर्सवर ती तोवर कधीच झाली नव्हती. चार दिवसांनंतर पारच्या खाली फक्त एकच माणूस होता, टायगर वुड्स, तीन अंडर. २००९ला परत झाली, पावसाने सोमवारपर्यंत लांबली आणि लुकस ग्लोव्हर चार अंडरवर जिंकला. २०१९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ब्रूक्स केप्काने पहिल्या दिवशी ६३ मारले, कोर्सचा विक्रम केला. पण शेवटच्या दिवशी, सात शॉटांची आघाडी असताना, त्याच केप्काने ११ ते १४ अशा सलग चार होलांवर बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त) केल्या. वारा होता, दुसरं काही नाही. शेवटी तो दोन शॉटांनी जिंकला. तुम्ही १३व्या होलवर आठ काढाल तेव्हा हे आठवा. मला दर वेळी आठवतं.

मागच्या निळ्या टीवरून कोर्स ७,४६८ यार्डांचा आहे. तिकडे बघूसुद्धा नका. तुमच्या ड्राइव्हला (टीवरच्या लांब शॉटला) कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, किती आहे? १८० यार्ड? २००? मागच्या टीवरून काही होलांवर फेअरवे (कापलेल्या गवताची वाट) सुरू व्हायलाच त्याहून जास्त कॅरी लागते. २००२च्या ओपनला पावसाच्या थंड दिवशी दहाव्या होलवर काही व्यावसायिकांचे ड्राइव्हसुद्धा फेअरवेपर्यंत पोचत नव्हते. पांढरी टी सुमारे ६,७०० यार्डांची आहे आणि तीही तुम्हाला लांबच वाटेल. लाल टीवरून साधारण ६,२०० यार्ड पडतात, मी तिथूनच खेळते. तुम्हालाही मनापासून तीच सुचवेन, पण साठीच्या पुरुषांना ती सुचवली की चेहरे कसे होतात हे मला माहीत आहे, म्हणून पांढरी म्हणाले.

हँडिकॅपचं गणित एकदा करून बघा. स्लोप म्हणजे कोर्स सामान्य खेळाडूला किती अवघड जातो त्याचं माप; त्याचा मानक आकडा ११३ आणि कमाल १५५. ब्लॅकच्या मागच्या टीचा स्लोप त्या कमालीच्या आसपास असतो. पुढच्या टीचा समजा १४० धरला, तर तुमचे १९ गुणिले १४० भागिले ११३, म्हणजे साडेतेवीस झाले. कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागणारे शॉट) पारच्या वर जितकं, तितके त्यात मिळवायचे. धरा पंचवीस. म्हणजे तुमचा चांगला दिवस असेल तर ९६. हँडिकॅप हा रोजच्या खेळाचा आकडा नसतो, चांगल्या दिवसांचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिवाय पहिल्यांदा बघितलेला कोर्स, खांद्यावर बॅग, सोबत तीन अनोळखी माणसं. १०५ आले तर मी पेढे मागेन.

आता झाडं.

ब्लॅक हे घनदाट जंगल नाही. काही होल तर ऐसपैस उघडे आहेत. पण जिथे होल वळतो तिथल्या कोपऱ्यात हटकून झाडं उभी आहेत, मुख्यतः जुने ओक. फेअरवे, मग जाड रफ (वाढू दिलेलं गवत), काही ठिकाणी गुडघाभर पिवळं फेस्क्यू गवत, आणि मग झाडं अशी रचना आहे. या जुन्या ओकांच्या फांद्या उंचावर असतात, खाली जमीन बऱ्यापैकी मोकळी. त्यामुळे बॉल बऱ्याचदा सापडतो. सापडल्यावर समोर खोडांमधून एक फटही दिसते, आणि त्या फटीतून लांबवर झेंडा. खरा घात तिथे होतो. बॉल हरवलाच असता तर तुम्ही मुकाट्याने पेनल्टी घेऊन पुढे गेला असता.

माझ्या पहिल्या राउंडला दुसऱ्याच होलवर हे झालं. होल डावीकडे वळत चढावर जातो, मी बॉल वळणाच्या आत डावीकडे झाडांत घातला. सापडला, सुंदर पडलेला. समोर साधारण तीस मीटरवर दोन खोडांमध्ये दोनेक मीटरची फट. मी पाच नंबरचा आयर्न काढला. बॉल डाव्या ओकावर टण्णकन आपटला आणि माझ्या गुडघ्याजवळून मागे गेला. आता तर मी आणखी खोल होते, पण फट तीच दिसत होती, म्हणून परत तोच क्लब. नऊ झाले त्या होलवर. माझ्याबरोबर त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन होते, सत्तरीचे. त्यांचाही बॉल त्याच झाडीत होता, माझ्याहून वाईट जागी. त्यांनी झेंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉलजवळ येता येताच आठ नंबर हातात होता, एका अंगाने टुक्कन फेअरवेवर काढला, तिथून पुढचा शॉट ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या आखूड गवताच्या) अलीकडे, चिप (जवळून छोटा शॉट), एक पट (ग्रीनवर लोटलेला शॉट). पाच. पुढच्या सोळा होलांत ते आणखी पाच-सहा वेळा झाडांत गेले आणि दर वेळी हेच केलं. त्यांचे ९३ झाले. ड्राइव्ह माझ्यापेक्षा आखूड होता त्यांचा.

घरी येऊन मी कागदावर मांडलं. माझ्यासारख्या माणसाचा झाडांतून मारलेला अर्धा शॉट ठरवलेल्या दिशेपासून चार अंश इकडेतिकडे जातोच. तीस मीटरवर चार अंश म्हणजे दोन मीटर. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, म्हणजे मला चार मीटरची फट हवी होती आणि मी दोन मीटरच्या फटीत मारत होते. हेच खोड दहा मीटरवर असेल तर चार अंशांचे सत्तर सेंटिमीटर होतात, दीड मीटरची फट पुरते. जवळची अरुंद फट लांबच्या रुंद फटीपेक्षा बऱ्याचदा सुरक्षित असते, आणि डोळ्यांना नेमकं उलट वाटतं. इथले लोक थट्टेने म्हणतात की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. पानांपुरतं असेल. खोडाला बॉल लागतो तेव्हा शंभर टक्के लाकूड लागतं.

तेव्हा झाडांत गेल्यावर क्रम असा ठेवा. बॉलजवळ पोचलात की आधी मागे आणि बाजूला बघा, झेंड्याकडे सर्वांत शेवटी. प्रश्न एकच विचारायचा : पुढचा शॉट मला आवडत्या अंतरावरून, सपाट फेअरवेवरून मारायला मिळेल अशी जागा कुठे आहे, आणि तिकडे जाणारी जवळची फट कुठली? मग फांद्यांची उंची. एक सोपी युक्ती : क्लब जमिनीवर आडवा टाका, तोंड आकाशाकडे, ग्रिप लक्ष्याच्या दिशेला, आणि तोंडावर पाय ठेवून दाबा. दांडा जमिनीशी जो कोन करून वर येतो तो त्या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा. बॉल प्रत्यक्षात त्याहून थोडा खालूनच निघतो, त्यामुळे दांडा ज्या रेषेत दिसतो ती रेषा मोकळी असेल तर तुम्ही निर्धास्त. हे मात्र बॉलपासून जरा बाजूला होऊन करा, बॉल हलला तर पेनल्टी आहे. आणि सरावाचा स्विंग घेताना फांदी मोडून किंवा पानं झाडून जागा मोकळी केलीत तरी दोन शॉटांची पेनल्टी बसते, त्यामुळे हळू.

क्लब कुठला? बहुतेक जण झाडांतून चार किंवा पाच नंबर काढतात, कारण बॉल खालून जावा. पण इथे झाडं आणि फेअरवे यांच्यामध्ये रफचा पट्टा असतो. जूनमध्ये पावसानंतर तो बोटभर नव्हे, वीतभर वाटतो. चार नंबरचा सरपटता बॉल त्या रफमध्ये घुसतो आणि तिथेच झोपतो. म्हणजे एक शॉट वाया गेला आणि दुसरा वाईट जागेवरून. फांद्या परवानगी देत असतील तर सात किंवा आठ घ्या, रफ ओलांडण्याएवढा वर आणि फांद्यांच्या खाली. क्लब दोन-तीन इंच खाली पकडा, बॉल उजव्या पायाकडे, हात बॉलच्या पुढे, वजन डाव्या पायावर, आणि स्विंग कमरेपासून कमरेपर्यंत. (मी उजव्या हाताच्या खेळाडूचं सांगतेय.) जोर वाढवला की मनगट सैल पडतं आणि बॉल वर उडतो. इकडे यायच्या आधी तो अर्धा स्विंग खारघरला पन्नास वेळा मारून या. ड्रायव्हरच्या सरावापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे अनप्लेएबल घ्या, म्हणजे बॉल खेळण्याजोगा नाही असं ठरवून पेनल्टीने हलवा. एक शॉट, तीन पर्याय, तुम्हाला माहीत आहेत. आपल्याकडे ती घेताना लोकांना हार मानल्यासारखं का वाटतं, कळत नाही.

खारघरला तुमच्याबरोबर कॅडी असतो. दिल्लीकडे तर पुढे उभा राहून बॉल कुठे पडला ते पाहणारा आगेवालाही असतो. इथे तुमचे डोळे आणि सोबतच्या तिघांचे डोळे, बस. ब्लॅकवर पैसे देऊन कॅडी ठरवता येतो आणि परवडत असेल तर ठरवाच, पण बहुतेक लोक बॅग स्वतः उचलतात. त्यामुळे बॉल झाडांकडे जातोय असं दिसलं की तोंड फिरवू नका, वैतागू नका, तो कुठल्या खोडाच्या रेषेत आत गेला ते डोळ्यांनी पकडून ठेवा. शंका असेल तर तिथेच "प्रोव्हिजनल" (पहिला हरवलाच तर धरायचा बॉल) असं मोठ्याने म्हणून दुसरा बॉल मारा. शोधायला तीन मिनिटं आहेत. २०१९पासून पाचाची तीन झाली आणि हा कोर्स इतका भरलेला असतो की मागचा गट चौथ्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभाच असतो.

तीन मिनिटांपेक्षा जास्त शोधू नका याला आणखी एक कारण आहे आणि ते गोल्फचं नाही. लाँग आयलंडच्या झाडीत गोचीड असते. हरणांवरची ही गोचीड लहानपणी खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावली तरी कळत नाही, आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. समुद्राच्या पलीकडे कनेटिकटमध्ये लाइम गाव आहे, नाव तिथूनच पडलं. जून हा तिचा ऐन हंगाम. फिकट रंगाची पूर्ण पँट घाला, मोजे पँटवर ओढा (वेंधळं दिसतं, दिसू दे), आणि घरी गेल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघा. पुढच्या दिवसांत अंगावर लाल चकंदळ पसरताना दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि झाडीत गेलो होतो हे आपणहून सांगा. शिवाय पॉयझन आयव्ही : तीन-तीन पानांची, खोडावर चढणारी वेल. तिला हात लागला तर पुरळ येऊन आठवडाभर खाजवत बसाल. एका बॉलसाठी नको.

आता काही होल. सगळे सांगत नाही, कारण खेळण्यातली अर्धी मजा त्यात आहे.

पहिला उंच टीवरून खाली जातो आणि उजवीकडे वळतो. कोपरा कापायचा मोह टाळा, डावीकडे सरळ मारा, लांबी गेली तरी चालेल. मग रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, चौदाव्यानंतर परत अलीकडे यायचं. एकदा पलीकडे गेलात की मध्ये सोडून यायची सोय नाही, पाणी भरून घ्या.

चौथा पार ५. या होलपाशी मी दर वेळी थांबते. टीवरून सगळा होल दिसतो, चढत जाणारी जमीन, आणि तिला तिरका छेद देणारा एक अवाढव्य बंकर (वाळूचा खड्डा). त्याला ग्लेशियर बंकर म्हणतात. नाव अगदीच हवेतलं नाही, लाँग आयलंड हे बेटच हिमयुगातल्या हिमनदीने आणून टाकलेल्या वाळू-दगडांचं आहे, म्हणून तर इथे एवढ्या टेकड्या आणि एवढी वाळू. लांबी बेताची, म्हणून वाटतं इथे वसूल करू. ग्रीन मात्र उथळ आहे आणि मागे उतरतं. दुसरा शॉट बंकरच्या वरच्या फेअरवेवर जेमतेम नेऊन ठेवा, किंवा अंगात नसेल तर बंकरच्या अलीकडेच थांबा आणि तिसऱ्याने तो ओलांडा. मी वीस वर्षांत इथे चार पार केले आहेत आणि चारही अशा चेंगटपणे.

पाचवा याच्या उलट. मोठा बंकर उजवीकडे, सोपी वाट डावीकडे, आणि डावीकडे गेलात की ग्रीन झाडांच्या आड. म्हणजे पुन्हा तीच परीक्षा. पांढऱ्या टीवरून डावीकडे पडलात तर तिथून ग्रीनचा नाद सोडा, ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे ठेवा आणि चढावर चिप करा. सहा लिहा कार्डावर.

आठवा पार ३, तळ्यावरून खाली. पाण्याची खरी भीती सबंध कोर्सवर इथेच. एक क्लब जास्त घ्या, विषय संपला.

पंधरावा सर्वांत अवघड. फेअरवे सपाट जातो आणि मग ग्रीन समोर भिंतीसारखं वर उभं राहतं, चार-पाच मजले चढून गेल्यासारखं. तुमचे पाय तोवर गेलेले असतात. ब्लॅकची ग्रीन्स तशी फार वळणावळणाची नाहीत, पण याला दोन पायऱ्या आहेत आणि खालच्या पायरीवरून वरच्या झेंड्याला पट मारणं म्हणजे जिन्यावर घागर घेऊन चढणं. दुसऱ्या शॉटला पोचायचं नाहीच असं ठरवून टाका. फेअरवेच्या टोकाला, चढावाच्या पायथ्याशी न जाता त्याच्या साठ-सत्तर यार्ड अलीकडे बॉल ठेवा, म्हणजे वेज (बॉल उंच उडवणारा आखूड पल्ल्याचा क्लब) पूर्ण मारता येतो. आणि दोन क्लब जास्त. ग्रीनच्या पुढच्या बंकरात पडलेल्यांना मी तिथे मुक्काम करताना पाहिलंय.

बंकरांबद्दल एवढंच : काही डोक्याइतके खोल आहेत. २०१९च्या नियमांत एक सवलत आली, दोन शॉटांची पेनल्टी घेऊन बंकरच्या बाहेर, झेंड्याच्या रेषेत मागे ड्रॉप करता येतो. महाग वाटते. पण आत दोनदा मारून तिसऱ्यांदाही आतच असण्यापेक्षा स्वस्त. खोल बंकरात पुढे जमत नसेल तर मागून बाहेर या.

रफसाठी वेगळं सांगायला नको, झाडांचंच शास्त्र आहे. बॉल खाली बसला असेल तर नऊ नंबर किंवा वेज, फेअरवेवर परत. २०२५च्या रायडर कपला (अमेरिका विरुद्ध युरोप) हेच रफ मुद्दाम आखूड ठेवलं होतं (आणि तरी यजमान अमेरिका १३ विरुद्ध १५ अशी हरलीच). ते टीव्हीवर बघून कोणी सोपं समजू नये.

चालण्याची तयारी ठेवा. ब्लॅकवर गोल्फ कार्ट नाही, कोणालाच नाही. माझ्या घड्याळात राउंड संपताना अकराच्या आसपास किलोमीटर भरतात, चढ-उतारांसकट. बॅगेत चौदा क्लब आणू नका, दहा पुरतात. मी तीन लिटर पाणी, दोन दशम्या आणि गुळाची चिक्की नेते. दहाव्या होलनंतर चिक्कीचे वाटेकरी आपोआप जमतात. एका गृहस्थांनी तिचं नाव तीनदा विचारून शेवटी "पीनट ग्लास" असं पक्कं केलं.

टी टाइम. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना ऑनलाइन बुकिंग बाहेरच्यांपेक्षा आधी उघडतं, आणि दरही कमी असतो. म्हणजे तुम्हाला जास्त पैसे आणि उरलेल्या वेळा. बुकिंगचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आधी पार्कच्या स्वतःच्या पानावर ताजे नियम वाचा, कोणाच्या सांगण्यावर (माझ्याही) जाऊ नका. शनिवार-रविवार विसरा. सोमवारी एरवी ब्लॅक बंद असतो. मंगळवार ते गुरुवार, आणि शक्य असेल तर एकट्याने या. तिघांच्या गटात चौथी जागा मिळणं चौघांची मिळण्यापेक्षा कितीतरी सोपं. दुपारनंतरच्या वेळाही बघा, जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो.

न मिळालं तर मग ती प्रसिद्ध गाड्यांची रांग. पार्किंगमध्ये आकडे घातलेल्या जागा आहेत. लोक आदल्या संध्याकाळी येऊन गाडी लावतात, रात्र गाडीत काढतात, पहाटे कर्मचारी येऊन क्रमाने चिठ्ठ्या देतो. मी दोनदा केलंय. एकदा थर्मासमधला चहा चार गाड्यांत वाटून रात्री दोनपर्यंत गप्पा झाल्या, त्यात एक प्लंबर होता, एक भूलतज्ज्ञ, आणि एक कॉलेजातला मुलगा ज्याच्याकडे त्याच्या आजोबांचे क्लब होते. एकसष्टाव्या वर्षी पाठ साथ देत असेल तर एकदा कराच, फक्त दुसऱ्या दिवशी स्कोअरची अपेक्षा ठेवू नका.

मुलाला कामाच्या दिवशी सुट्टी नसेल तर गाडी लागत नाही. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंड रेल रोडची रोनकॉनकोमाकडे जाणारी गाडी पकडून फार्मिंगडेल, पुढे टॅक्सी. सकाळची वेळ या मार्गाने साधणार नाही, दुपारचीच घ्या. ब्रिजवरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसण्यापेक्षा मला ते बरं वाटतं, पण बॅग घेऊन पेन स्टेशनचे जिने चढायची तयारी हवी.

आणि बाकीचे कोर्स. ब्लॅकच्या आधी दोन-तीन दिवस रेडवर खेळा. तोही झाडांचा, चांगला अवघड, आणि वेळ मिळायला खूपच सोपा. त्याच्या पहिल्या होलचा चढ चढलात की पायांचा अंदाज येईल. रेडवर ११५च्या वर गेलात तर ब्लॅकला लाल टीवरून खेळा, मी कोणाला सांगणार नाही.

येताना बॉल डझनभर आणा, जुने, ओरखडे आलेले. त्यांच्यावर ठळक मार्करने काहीतरी मराठी काढा. झाडांत पांढरे बॉल बरेच पडलेले असतात आणि आपला कुठला ते ठरवताना वाद होतात. माझ्यावर मी "ळ" काढते. आजवर कोणी तो आपला आहे म्हणून हक्क सांगितलेला नाही.